उमेदवार ठरवतो कोण? जनमत चाचण्या, पाठिंबा आणि नगर दक्षिणचा मतदार

भिंगार : मार्च २०१९ च्या पंधरवड्यात नगर दक्षिण लोकसभा मतदारसंघात जे काही घडले, त्यात मतदार वगळता सर्वांचा सहभाग होता. काँग्रेस आघाडीच्या जागावाटपात ही जागा राष्ट्रवादीकडे होती आणि राष्ट्रवादी ती सोडायला तयार नव्हती. त्यामुळे तत्कालीन विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील यांचे चिरंजीव डॉ. सुजय विखे यांनी १२ मार्चला भाजपमध्ये प्रवेश केला. त्यानंतर भाजपने १९९९, २००९ आणि २०१४ अशा तीन निवडणुका जिंकलेले खासदार दिलीप गांधी यांची उमेदवारी कापली. राष्ट्रवादीने नगर शहराचे आमदार संग्राम जगताप यांना मैदानात उतरवले. जगताप हे राहुरीचे तेव्हाचे भाजप आमदार शिवाजी कर्डिले यांचे जावई असल्याने कोण कोणाचा प्रचार करणार, याची गंमत महिनाभर रंगली. भिंगारच्या मतदाराला हे सारे सकाळच्या वर्तमानपत्रातून कळत होते. त्याला त्यात कोणी काही विचारले नव्हते आणि विचारावे असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते.

निकालात सुजय विखे २ लाख ८१ हजार ४७४ मतांनी निवडून आले. साहजिकच, पक्षश्रेष्ठींचा निर्णय अचूक होता असा निष्कर्ष काढला गेला. परंतु तो काढताना एका गोष्टीचा विसर पडला. दिलीप गांधी हे २०१४ साली दोन लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकले होते. म्हणजे मागच्या निवडणुकीत मतदारांनी दिलेला स्पष्ट कौल पुढच्या उमेदवारीसाठी आधार म्हणून धरला गेला नाही. मग धरले काय गेले? घराण्याचे वजन, साखर कारखाने व शिक्षणसंस्थांचे जाळे, आणि कोणी पाहिलेल्या नाहीत अशा पाहण्या.

उमेदवारी ठरवण्याच्या या पद्धतीची तुलना नेहमी अमेरिकेशी केली जाते. तेथे अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत होणाऱ्या प्रायमरींतून, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या प्राथमिक निवडणुकांतून ठरतो. आपल्याकडील अनेक सुशिक्षितांना ही पद्धत लोकशाहीचा कळस वाटते. मात्र तीही तेथे जुनी नाही. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री हे एकही प्रायमरी न लढता, केवळ पक्षातील वजनदार मंडळींच्या पाठिंब्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि पक्षात असंतोषाचा भडका उडाला. त्यानंतर नियम बदलण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे पहिले अध्यक्ष सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२ साली नव्या नियमांनुसार उमेदवार झाले. असो.

प्रायमरीच्या काळात तेथील वृत्तपत्रे दोन आकडे रोज छापतात. एक जनमत चाचणीचा आणि दुसरा पाठिंब्यांचा. कोणत्या उमेदवाराला किती सिनेटर, किती गव्हर्नर, किती कामगार संघटना पाठीशी आहेत, याची यादी. दोन्ही आकड्यांनी अनेकदा दगा दिला आहे. डिसेंबर २००३ मध्ये माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी हॉवर्ड डीन यांना पाठिंबा दिला, तेव्हा उमेदवारी डीन यांचीच, असे सर्वांनी गृहीत धरले. महिनाभराने आयोवात ते तिसरे आले. जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सर्व चाचण्यांनी बराक ओबामांना आघाडी दिली होती आणि जिंकल्या हिलरी क्लिंटन. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत एकही विद्यमान सिनेटर उभा राहिला नव्हता. याउलट फेब्रुवारी २०२० मध्ये आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले जो बायडेन संपल्यात जमा असताना दक्षिण कॅरोलायनातील खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला, तीन दिवसांनी तेथील कृष्णवर्णीय मतदारांनी तो शिरोधार्य मानला, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी झालेल्या ‘सुपर ट्यूसडे’ला चौदापैकी दहा राज्ये बायडेन यांच्या पारड्यात पडली. पाठिंब्याची किंमत देणाऱ्याच्या पदावर ठरत नाही. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचायचा, त्यांचा देणाऱ्यावर किती विश्वास आहे, यावर ठरते.

या साऱ्या प्रकाराचा मराठी वाचकाला सर्वांत जवळचा धडा मात्र वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर बेळगावातून गेलेल्या एका माणसाच्या कारकिर्दीत सापडतो. श्री ठाणेदार यांचे ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांनी उचलून धरले होते. चिकोडीत जन्म, बेळगावात हलाखीतले बालपण, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, १९७९ मध्ये अमेरिकेला प्रयाण, तेथे डॉक्टरेट, मग प्रयोगशाळांचा व्यवसाय, त्यात मिळालेले यश, दिवाळखोरी आणि पुन्हा उभारी. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांची राजकीय वाटचाल तितकी परिचित नाही.

२०१८ साली ठाणेदार यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. राजकारणात कोणी ओळखत नव्हते. त्यांनी स्वतःचे एक कोटी डॉलरच्या आसपास ओतून दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा धडाका लावला. त्याचा परिणाम असा झाला, की त्या वर्षीच्या वसंत ऋतूतील काही चाचण्यांमध्ये ते चक्क पहिल्या क्रमांकावर दिसू लागले. ग्रेचेन व्हिटमर यांच्या मागे प्रस्थापित पक्षयंत्रणा आणि कामगार संघटना होत्या. अब्दुल अल सय्यद यांना बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा होता. ठाणेदारांकडे सांगण्याजोगा पाठिंबाच नव्हता. इतर दोघांच्या जाहिराती सुरू झाल्या तसे ठाणेदारांचे आकडे उतरत गेले. ७ ऑगस्टच्या मतदानात व्हिटमर यांना ५२, अल सय्यद यांना ३० आणि ठाणेदारांना सुमारे १८ टक्के मते मिळाली. मतदानाला चार महिने असताना चाचणी जे मोजते, तो बहुधा उमेदवाराच्या नावाचा परिचय असतो. त्याला कौल समजणाऱ्याची फसगत होते.

परंतु ठाणेदार तेथे थांबले नाहीत. २०२० साली ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. मतदारसंघात कृष्णवर्णीयांचे प्राबल्य. मते फुटू नयेत म्हणून वेन परगण्याचे प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने एक समिती स्थापन झाली आणि तिने राज्य सिनेटर अ‍ॅडम होलियर यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. डेट्रॉइटचे महापौर माइक डगन हेही होलियर यांच्या पाठीशी होते. पण निवृत्त होणाऱ्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी पोर्शिया रॉबर्सन यांना पाठिंबा दिला. रिंगणात एकूण नऊ जण. निकाल लागला तेव्हा ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या त्या मतदारसंघात नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता होती. परिणामी, जवळपास सात दशकांत प्रथमच डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. २०२४ मध्ये होलियर यांनी पुन्हा आव्हान द्यायचे ठरवले, तर पुरेशा वैध सह्यांअभावी त्यांचा अर्जच बाद झाला आणि ठाणेदार निम्म्याहून अधिक मते घेऊन जिंकले.

बेळगावच्या मराठी माणसाने अमेरिकी काँग्रेसमध्ये जावे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तो बाजूला ठेवून पाहिले, तर प्रायमरीची पद्धत पैसेवाल्याला किती मोकळे रान देते आणि शंभरातल्या बहात्तर जणांनी ज्याला नाकारले त्याला ती कशी निवडून देऊ शकते, हेही याच उदाहरणात दिसते. प्रायमरी आणली की सारे सुरळीत होईल, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि नगरकरांना यातले काहीच परके वाटू नये. २००९ साली राष्ट्रवादीने शिवाजी कर्डिले यांना उमेदवारी दिली, राजीव राजळे यांनी बंडखोरी केली, मते विभागली गेली आणि दिलीप गांधी निवडून आले. पुढच्या खेपेस, २०१४ मध्ये, त्याच राजळेंना राष्ट्रवादीने अधिकृत उमेदवार केले. तोवर देशातले वारे फिरले होते. डेट्रॉइटमध्ये जी मतविभागणी पक्षांतर्गत निवडणुकीत झाली, ती आपल्याकडे थेट सार्वत्रिक निवडणुकीत होते. पक्षात निकाल लावायची सोय नसल्याने तंटा मतदाराच्या दारात येतो, एवढाच काय तो फरक.

तंटा दारात आल्यावर मतदार कधीकधी तो चोख मिटवतात. २०२४ मध्ये सांगलीत महाविकास आघाडीच्या जागावाटपात जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली आणि चंद्रहार पाटील अधिकृत उमेदवार झाले. आघाडीतील तिन्ही पक्षांचा जाहीर पाठिंबा त्यांना. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे संजयकाका पाटील यांचा १ लाख ५३ मतांनी पराभव करून लोकसभेत गेले. अधिकृत उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली. त्याआधी वर्षभर नाशिक पदवीधर मतदारसंघात असेच घडले होते. नगर जिल्हा या मतदारसंघात येत असल्याने भिंगारच्या पदवीधरांनीही त्यात मतदान केले होते. काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली. त्यांनी अर्जच भरला नाही आणि पुत्र सत्यजित तांबे यांचा अपक्ष अर्ज आला. काँग्रेसने कारवाई केली, आघाडीने शुभांगी पाटील यांना पाठिंबा दिला, भाजपने अधिकृत उमेदवारच दिला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल लागला तेव्हा तांबे एकोणतीस हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. हेच सत्यजित तांबे २०१८ साली संघटनेतील सदस्यांच्या मतदानातून युवक काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले होते, हे येथे नमूद करायला हवे. मतदानाने निवडलेल्या नेत्याला पक्षाने पुढच्या उमेदवारीत मोजले नाही, आणि मतदारांनी मोजले.

काँग्रेसने खुद्द प्रायमरीचा प्रयोगही करून पाहिला आहे. २०१४ च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने देशातील निवडक मतदारसंघांत पक्षाचे पदाधिकारी व प्रतिनिधी यांच्या मतदानातून उमेदवार ठरवण्यात आले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर ही नावे त्यात होती. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवले. घराणेशाहीला पर्याय म्हणून योजलेल्या प्रयोगात दोन घराण्यांचीच लढत झाली. नंतर सागर मेघे भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. लातुरात दत्तात्रय बनसोडे यांचीही गत वेगळी झाली नाही. बडोद्यात तर प्रायमरी जिंकलेले नरेंद्र रावत यांना नरेंद्र मोदी उभे राहिल्यावर मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी जागा सोडावी लागली. त्या वर्षीच्या लाटेत कोणत्याही पद्धतीने निवडलेला काँग्रेस उमेदवार वाचणे अवघड होते, हे खरे. त्यामुळे प्रयोग फसला असे म्हणण्यापेक्षा तो तपासलाच गेला नाही, असे म्हणणे न्याय्य ठरेल. पुढे पक्षाने त्याचे नाव काढले नाही.

पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकांतही आकडे असेच बोलके आहेत. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांना ६,२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते मिळाली. राज्याराज्यांत मित्र असलेल्या पवारांच्या पदरी एवढीच मते पडावीत, याचे कारण मतदार असलेले प्रतिनिधी कोणी नेमले यात होते. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ विरुद्ध शशी थरूर १,०७२ असा निकाल लागला. त्यापूर्वी मतदारयादी जाहीर करा, अशी मागणी पक्षाच्याच पाच खासदारांना पत्र लिहून करावी लागली होती. मतदारयादीच ज्याच्या खिशात, त्याच्या विरोधात निवडणूक लढवायची कशी?

आता चाचण्यांकडे वळू. जनमत चाचणीचे शास्त्र खोटे नाही. नमुना नीट निवडला, तर हजारभर लोकांना विचारून तीन टक्क्यांच्या फरकाने अंदाज बांधता येतो. अडचण अशी, की लढती याहून अटीतटीच्या असतात. २०२४ मध्ये नगर दक्षिणमध्ये नीलेश लंके यांना ६ लाख २४ हजार ७९७ आणि सुजय विखे यांना ५ लाख ९५ हजार ८६८ मते मिळाली. फरक २८ हजार ९२९, म्हणजे दोघांच्या मतांच्या बेरजेच्या सुमारे २.४ टक्के. हजार लोकांच्या चाचणीला हा फरक दिसणेच शक्य नव्हते. पाठिंब्यांच्या हिशेबात विखेंचे पारडे जड होते. ते विद्यमान खासदार, वडील महसूलमंत्री, पंतप्रधानांची ७ मे रोजी नगरला सभा. मात्र त्यांच्याच पक्षातील राम शिंदे यांनी या जागेवर आपली इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली होती आणि ती नाराजी पक्षांतर्गत कोणत्याही मार्गाने निकाली निघाली नाही. लंके यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन अजित पवारांकडून शरद पवारांकडे येत उमेदवारी मिळवली. तीही श्रेष्ठींच्याच हातून, हे विसरता कामा नये. इंग्रजी बोलण्यावरून त्यांची जी टिंगल झाली, तिचा तोटा कोणाला झाला, हे पारनेरच्या वाडी-वस्तीवरचा माणूसही सांगेल. अर्थात पाठिंबा हस्तांतरित होत नाही, याचा प्रत्यय लंके यांनाही लवकरच आला. सहा महिन्यांनी विधानसभेला पारनेरमध्ये त्यांच्या पत्नी राणी लंके पराभूत झाल्या.

जाहीर चाचण्या चुकतात, त्यांची चर्चा होते आणि त्या विसरल्या जातात. खरा प्रश्न जाहीर न होणाऱ्या पाहण्यांचा आहे. अलीकडे उमेदवारी कापण्याचे ते सर्वांत सोयीचे हत्यार झाले आहे. २०२४ च्या लोकसभेला शिंदे गटाच्या हिंगोली, यवतमाळ-वाशीम आणि रामटेक येथील विद्यमान खासदारांना डावलण्यात आले. हेमंत पाटील यांची तर जाहीर झालेली उमेदवारी बदलली गेली. मित्रपक्षाच्या पाहण्यांत ही नावे मागे असल्याची कारणे तेव्हा उघडपणे चर्चिली जात होती. या तिन्ही जागा महायुतीने गमावल्या. जुने खासदार उभे असते तर जिंकलेच असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु ती पाहणी कोणी केली, किती जणांना विचारले, प्रश्न काय होता, हे ज्याचे तिकीट गेले त्याला कळत नाही, कार्यकर्त्याला कळत नाही आणि मतदाराला तर नाहीच. अमेरिकेतील चाचणी चुकली तर तिचे आकडे समोर असल्याने चूक शोधता येते. न्यू हॅम्पशायरच्या फजितीनंतर तेथील चाचणीकर्त्यांच्या संघटनेने समिती नेमून चौकशी केली. आपल्याकडील ‘सर्व्हे’ हा बंद पाकिटातला असतो. त्याला आव्हान देता येत नाही, म्हणूनच तो इतका उपयोगी पडतो.

त्याच वर्षी विधानसभेपूर्वी भाजपने पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची तीन नावे बंद पाकिटातून मागवली. उपक्रम स्वागतार्ह होता. पण पाकिटांतून काय निघाले, कोणत्या मतदारसंघात पहिल्या पसंतीचा माणूस उमेदवार झाला आणि कोठे डावलला गेला, याचा हिशेब बाहेर आला नाही. ज्या मतदानाची मोजणी जाहीर होत नाही, त्याला सल्लामसलत म्हणता येईल, निवडणूक नव्हे.

कायदाही याबाबत मूक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार पक्षांची नोंदणी होते. मतदानाआधीच्या ४८ तासांत जनमत चाचण्यांना आणि मतदान पूर्ण होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांना बंदी आहे. म्हणजे मतदाराने चाचणी कधी पाहावी, याची कायद्याला काळजी आहे. त्या चाचणीच्या नावाखाली पक्षाने कोणाचे तिकीट कापावे, यावर अवाक्षर नाही. ए-बी फॉर्म ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा. निदान उमेदवारीचा आधार म्हणून वापरलेली पाहणी निकालानंतर तरी प्रसिद्ध करावी, एवढे बंधन निवडणूक आयोगाने घालायला हरकत नाही. प्रायमरीपेक्षा ही सुधारणा कितीतरी स्वस्त आहे.

भिंगारपुरते बोलायचे, तर येथे प्रश्न याहून एक पायरी खालचा आहे. गावाचा मोठा भाग अहमदनगर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येतो. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार बोर्डाचे अध्यक्षपद निवडणुकीचे नाहीच. ते स्टेशनच्या लष्करी प्रमुखाकडे पदसिद्ध असते. लोकांनी निवडायचे ते सदस्य आणि त्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचा तो उपाध्यक्ष. या सदस्यांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत, त्यावर मिळालेली वाढ, सारे फेब्रुवारी २०२१ मध्ये संपले आणि अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व केंद्राने नेमलेला एक नागरी सदस्य अशा तिघांच्या बोर्डाकडे कारभार गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील ५७ बोर्डांसाठी ३० एप्रिलला मतदान जाहीर झाले. इच्छुकांनी वॉर्डावॉर्डांत गाठीभेटी सुरू केल्या, कोणाच्या मागे कोण याची गणिते मांडली गेली, आणि मार्चच्या मध्यास संरक्षण मंत्रालयाने ती अधिसूचनाच मागे घेतली. लोकसभेला नगर दक्षिणच्या उमेदवाराबद्दल भिंगारकराला कोणी विचारत नाही, हे त्याने पूर्वीपासून गृहीत धरलेले आहे. गटार आणि पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या घरी जायचे, तो सदस्य निवडण्याची तारीखही एकदा हाती येऊन निसटली.